नियम गप्प बसला म्हणजे उत्तर 'नाही' असं नव्हे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय: "सर, फ(क्ष) = ∛क्ष × साइन क्ष हे फंक्शन शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे का, असा प्रश्न आला होता. मी प्रॉडक्ट रूल लावला. ∛क्ष चा डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी निघतच नाही, छेदात शून्य येतं. म्हणून 'नाही' लिहिलं. एकही मार्क मिळाला नाही. माझं काय चुकलं? आणि फंक्शन कुठे डिफरन्शिएबल आहे, कुठे नाही, हे दरवेळी व्याख्या न लावता ओळखता येतं का?"

उत्तर आधी देऊन टाकतो. हे फंक्शन शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे आणि तिथला डेरिव्हेटिव्ह शून्य आहे. फळ्यावर मी एक्स आणि एच लिहितो. इथे जुन्या मराठी पुस्तकांसारखं क्ष आणि ह चालवून घे. ह म्हणजे बिंदूपासून आपण जितकं बाजूला सरकलो ते अंतर. उजवीकडे धन, डावीकडे ऋण, पण कधीच शून्य नाही. डेरिव्हेटिव्हची व्याख्या अशी: ह शून्याकडे नेला की [फ(अ+ह) − फ(अ)] ÷ ह हा भागाकार एका ठरावीक संख्येकडे गेला, तर फंक्शन अ या बिंदूपाशी डिफरन्शिएबल, आणि ती संख्या म्हणजे तिथला डेरिव्हेटिव्ह. आता या व्याख्येत किमती घाल, अ च्या जागी ०:

[फ(०+ह) − फ(०)] ÷ ह = (∛ह × साइन ह) ÷ ह = ∛ह × (साइन ह ÷ ह)

ह शून्याकडे गेला की 'साइन ह भागिले ह' १ कडे जातं, हे तुला झोपेतही पाठ असेल. ∛ह शून्याकडे जातं. गुणाकार शून्य. संपलं, दोन ओळींचं काम.

मग चुकलं कुठे? प्रॉडक्ट रूल तू बरोबर लिहिलास, पण त्याच्या सुरुवातीचा एक शब्द खाल्लास. तो शब्द म्हणजे 'जर'. जर दोन्ही फंक्शन्स त्या बिंदूपाशी डिफरन्शिएबल असतील, तर गुणाकारही असतो, आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह अमुक येतो. पण एक जरी फंक्शन तसं नसेल तर? तर नियम काहीच बोलत नाही. 'आहे' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माणूस नसला म्हणजे अक्कलकोटची गाडी रद्द झाली असं होत नाही. स्वतः फलाटावर जाऊन बघावं लागतं. इथे फलाट म्हणजे व्याख्या.

नियम गप्प असताना काय काय घडू शकतं ते बघ. |क्ष| म्हणजे मॉड क्ष, क्ष ची ऋण चिन्ह काढून टाकलेली किंमत. |क्ष| शून्यापाशी डिफरन्शिएबल नाही. पण |क्ष| × |क्ष| म्हणजे सरळसरळ क्ष², आणि तो सगळीकडे आहे. ∛क्ष नाही, ∛क्ष चा वर्गही नाही, पण दोघांचा गुणाकार क्ष, याहून सभ्य फंक्शन कुठलं? बेरजेचंही तसंच: |क्ष| मध्ये −|क्ष| मिळवलं की शून्य उरतं. दोन बिघडलेल्या गोष्टी एकत्र येऊन चांगली गोष्ट होऊ शकते. संसारात होते की नाही माहीत नाही, कॅल्क्युलसमध्ये होते.

तुझ्या गणितातून एक छोटा, कामाचा नियम निघतो. तो बऱ्याच पुस्तकांत वेगळा सांगत नाहीत. ग या फंक्शनची अ पाशीची किंमत ग(अ) शून्य असेल आणि ग त्या बिंदूपाशी डिफरन्शिएबल असेल, तर त्याला गुणणारं दुसरं फंक्शन नुसतं कंटिन्यूअस, म्हणजे तिथे न तुटणारं, असलं तरी भागतं. गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह येतो: दुसऱ्या फंक्शनची अ पाशीची किंमत गुणिले ग चा तिथला डेरिव्हेटिव्ह. कारण उघड आहे. भागाकारातल्या ह ला ग खाऊन टाकतो, दुसऱ्याच्या वाट्याला येतच नाही. तुझ्या प्रश्नात साइन क्ष ने ह खाल्ला, ∛क्ष ला फक्त शून्याकडे जायचं होतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगतोय असं समजू नकोस. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी स्वतः वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं, "क्ष × |क्ष| शून्यापाशी डिफरन्शिएबल नाही. मॉड आला की कोपरा आला." दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक पोरगा स्टाफरूमच्या दाराशी वहीचं पान घेऊन उभा. "सर, बघा की जरा." पानावर एकच ओळ होती: ह × |ह| ÷ ह = |ह|, आणि |ह| शून्याकडे जातो. मी दोनदा वाचलं. पुढच्या तासाला फळ्यावर माझं वाक्य खोडलं आणि त्याची ओळ लिहिली. क्ष|क्ष| चा आलेख म्हणजे उजवीकडे क्ष² चा वर जाणारा अर्धा भाग आणि डावीकडे तोच उलटा, खाली जाणारा. शून्यापाशी दोन्ही आडवे होऊन एकमेकांना भेटतात. कोपरा कुठून येणार?

त्या पोराचे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला होते. पुढे ओळख वाढली तेव्हा एकदा त्यांच्या कारखान्यात गेलो होतो. तिथे जे बघितलं ते तेव्हापासून दरवर्षी वर्गात सांगतो.

सोलापुरी चादरीवरचा मोर तू पाहिला असशील. मानेची वळणदार रेघ, पिसाऱ्याची गोलाई. लांबून बघितलं तर एखाद्या चित्रकाराने एका दमात हात फिरवलाय असं वाटतं. पण ती नक्षी आधी चौकटीच्या कागदावर, अगदी तुमच्या ग्राफपेपरसारख्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून काढतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि जेकार्डला, म्हणजे मागावरचे धागे उचलणाऱ्या यंत्रणेला, लावतात. प्रत्येक जागी ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर राहील किंवा खाली, तिसरी सोय नाही. म्हणून चादर डोळ्यांजवळ घेतली की मोराची मान म्हणजे नुसता जिना दिसतो: आडवी पायरी, उभी पायरी, आडवी, उभी. जितकं जवळ जावं तितकी गोलाई मोडत जाते.

डिफरन्शिएबल फंक्शन याच्या बरोबर उलट वागतं. लांबून वाकडं दिसतं, आणि त्या बिंदूपाशी जितकं जवळ जावं तितकं सरळ होत जातं. क्ष² घे, १ पाशी. स्पर्शरेषा २क्ष − १. आता १.१ ला बघ: वक्रावर १.२१, रेषेवर १.२, फरक ०.०१. अजून जवळ, १.०१ ला: वक्रावर १.०२०१, रेषेवर १.०२, फरक ०.०००१. सरकलो दहापट कमी, पण फरक शंभरपट कमी झाला. या तुलनेतच सगळं सार आहे. फरक शून्याकडे जातो एवढं पुरत नाही, ते कुठल्याही कंटिन्यूअस फंक्शनचं कुठल्याही रेषेबाबत होईल, फक्त रेषा त्या बिंदूतून जायला हवी. फरकाला ह ने भागलं तरी तो शून्याकडे गेला पाहिजे. अशी एक रेषा सापडली की फंक्शन तिथे डिफरन्शिएबल, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे डेरिव्हेटिव्ह. |क्ष| चं असं होत नाही. त्याला शून्यापाशी दहापट मोठं करून बघ, हजारपट करून बघ, तोच 'व्ही' तसाच्या तसा. कितीही जवळ गेलं तरी कोपरा बोथट होत नाही.

मोबाइलवर आलेख काढून उत्तर लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. √(क्ष² + ०.०००१) चा आलेख काढ. पडद्यावर हुबेहूब |क्ष| दिसेल, तसाच टोकदार. पण तो सगळीकडे डिफरन्शिएबल आहे. शून्यापाशी त्याची उंची ०.०१ आहे आणि तिथे तो गुपचूप वळलाय, एवढं मोठं करून बघितलंस तरच दिसेल. डोळा दोन्ही बाजूंनी फसतो. आलेख अंदाजासाठी ठेव, उत्तर त्याच्यावर सोडू नकोस.

आता सातत्याकडे, म्हणजे कंटिन्युइटीकडे. डिफरन्शिएबल असेल तर कंटिन्यूअस असणारच. सिद्धता एका ओळीची आहे: फ(अ+ह) − फ(अ) म्हणजे तो भागाकार गुणिले ह, भागाकार एका ठरावीक संख्येकडे जातो, ह शून्याकडे, म्हणून डावी बाजू शून्याकडे. हे सगळ्यांना येतं. तरी मी तपासलेल्या पेपरांत सगळ्यात जास्त मार्क याच ठिकाणी गेलेले बघितलेत. हे उदाहरण बघ:

फ(क्ष) = क्ष², जेव्हा क्ष ≤ १; आणि फ(क्ष) = २क्ष + ३, जेव्हा क्ष > १.

मुलं काय करतात? डावीकडच्या तुकड्याचा डेरिव्हेटिव्ह २क्ष, १ घातला की २. उजवीकडचा २. दोन्ही सारखे, "म्हणून डिफरन्शिएबल", खाली दोन रेघा. अरे, पण १ पाशी डावीकडे किंमत १ आहे, आणि उजवीकडून येताना ५ कडे जाते! मध्ये चारचा खड्डा. व्याख्येत घातलं की लगेच पकडलं जातं: उजवीकडून भागाकार (२ + २ह + ३ − १) ÷ ह, म्हणजे ४/ह + २, आणि हे आकाशात जातं. चढ जुळले, पण रस्ताच तुटलाय. म्हणून तुकड्यांच्या फंक्शनमध्ये आधी सांधा जुळतो का बघायचं, मग चढ. 'अ आणि ब काढा' अशा प्रश्नात दोन अटी लागतात त्या यासाठीच. क्ष ≤ २ ला क्ष³ आणि पुढे अक्ष + ब असेल, तर चढावरून अ = १२, आणि सांध्यावरून २४ + ब = ८, म्हणजे ब = −१६. नुसत्या चढावर ब कधीच सापडणार नाही. ग्रेटेस्ट इंटीजर फंक्शनचीही (क्ष हून मोठा नसलेला सगळ्यात मोठा पूर्णांक देणाऱ्या फंक्शनचीही) हीच गंमत: दोन पूर्णांकांच्या मध्ये सगळीकडे डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून मुलं पूर्णांकापाशीही शून्य लिहून मोकळी होतात. तिथे तर फंक्शन उडी मारतंय.

उलट बाजू, म्हणजे सांधा जुळला पण चढ नाही, ती तुझ्या घरात दर महिन्याला येते. घरगुती विजेचं बिल. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, म्हणून १०० पाशी बिल एकदम उडी मारत नाही. युनिट आडवे आणि रुपये उभे मांडलेस तर रेघ तुटत नाही, पण १०० वर मोडते. डावीकडचा चढ म्हणजे पहिला दर, उजवीकडचा म्हणजे दुसरा. "१०० युनिटांवर एका युनिटाचा भाव काय?" असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच: शेवटचं जाळलेलं युनिट विचारताय की पुढचं जाळायचं? दोन उत्तरं आली की डेरिव्हेटिव्ह नाही. आणि स्थिर आकार? तो सगळी रेघ वर उचलतो, चढाला हात लावत नाही. स्थिर संख्येचा डेरिव्हेटिव्ह शून्य, तो हाच.

गाड्यांमध्ये मात्र असा कोपरा सापडत नाही. हुतात्मा एक्सप्रेसचा वेळ आणि अंतराचा आलेख काढला तर स्टेशनात शिरताना तो हळूहळू आडवा होतो. तिथे कोपरा असता तर त्याचा अर्थ वेग शून्य वेळात बदलला, आणि डब्यातले सगळे समोरच्या सीटवर. एखाद्या क्षणाचा वेग ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या रोजच्या गतीहून वेगळी अशी 'तात्कालिक गती' मोजली आहे.

मॉडवाल्या प्रश्नांचं एकदाच नीट समजून घे, मग जन्मभर पुरेल. |ग(क्ष)| मध्ये मॉड काय करतो? आलेखाचा जो भाग अक्षाच्या खाली गेलाय, तो वर दुमडतो. अक्ष म्हणजे घडीची रेघ. ग तिरका येऊन अक्ष ओलांडत असेल तर घडी पडते, कोपरा येतो. ग अक्षाला चिकटून, आडवा होऊन जात असेल तर दुमडलं तरी घडी दिसत नाही. हिशोबाच्या भाषेत: ग(अ) शून्य नसेल तर काळजीच नको. ग(अ) शून्य असेल तर ग′(अ), म्हणजे ग चा अ पाशीचा डेरिव्हेटिव्ह, बघ. तो शून्य नसेल तर कोपरा, शून्य असेल तर कोपरा नाही. |क्ष² − ४| ला २ आणि −२ पाशी आतला चढ ४ आणि −४, म्हणून दोन्हीकडे कोपरे. |क्ष³| ला शून्यापाशी चढ शून्य, कोपरा नाही. |साइन क्ष| ला पाय (π) च्या प्रत्येक पटीत कोपरा. |१ − कॉस क्ष| ला एकही नाही, तो तर मुळात ऋण होतच नाही, मॉड नुसता शोभेला.

आता स्पर्धा परीक्षेत मुलांना घोळात घेणारा नमुना: (क्ष − १) × |क्ष² − ३क्ष + २|. आतलं पद १ आणि २ पाशी शून्य होतं, म्हणून मुलं दोन्ही बिंदू खोडून मोकळी होतात. १ पाशी आतला चढ −१, म्हणजे मॉडला कोपरा आहे खरा. पण बाहेर (क्ष − १) उभा आहे, आणि तो १ पाशी शून्य आहे. वर सांगितलेला छोटा नियम लाव: दुसरं फंक्शन कंटिन्यूअस आहे, बास. डिफरन्शिएबल, डेरिव्हेटिव्ह शून्य. २ पाशी आतला चढ १, कोपरा आहे, आणि बाहेरचा (क्ष − १) तिथे १ आहे, तो वाचवू शकत नाही. तिथे डिफरन्शिएबल नाही. खात्री हवी असेल तर उलटं कर: गुणाकार डिफरन्शिएबल असता तर त्याला (क्ष − १) ने भागून मॉडही डिफरन्शिएबल ठरला असता, आणि तो नाही. बघ, इथे नियमच वापरला, पण 'जर' पाळून.

कोपरा आणि उडी सोडूनही डेरिव्हेटिव्ह नसण्याच्या तऱ्हा आहेत. ∛क्ष घे. याचा आलेख शून्यापाशी गुळगुळीत आहे, स्पर्शरेषाही आहे, पण ती उभी आहे. भागाकार ∛ह ÷ ह: ह ०.००१ असताना ०.१ ÷ ०.००१ म्हणजे १००, ह ०.०००००१ असताना १०,०००. उभ्या रेषेला चढ नसतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही. "स्पर्शरेषा आहे म्हणजे डिफरन्शिएबल" हे वाक्य इथे फसतं. ∛क्ष च्या वर्गाला तर टोकच आहे, उजवीकडून भागाकार वर धावतो, डावीकडून खाली. √क्ष ला शून्याच्या डावीकडे फंक्शनच नाही, आणि उजवीकडून १ ÷ √ह बेलगाम वाढतं, त्यामुळे एकतर्फी डेरिव्हेटिव्हही नाही.

सगळ्यात रंगतदार तऱ्हा म्हणजे थरथर. क्ष × साइन(१/क्ष), शून्यापाशी किंमत ०. कंटिन्यूअस आहे. भागाकार उरतो साइन(१/ह), आणि तो ह लहान होईल तसा १ आणि −१ च्या मध्ये वेड्यासारखा फिरतो, कुठेच बसत नाही. इथे 'डावा आणि उजवा डेरिव्हेटिव्ह वेगळे' असं लिहू नकोस. दोन्ही मुळात अस्तित्वातच नाहीत. आता एक क्ष वाढव: क्ष² × साइन(१/क्ष). भागाकार होतो ह × साइन(१/ह). ह = ०.०१ ला, कोन रेडियनमध्ये धरून, साइन १०० म्हणजे सुमारे −०.५०६, भागाकार −०.००५०६. ह = ०.००१ ला साइन १००० सुमारे ०.८२७, भागाकार ०.०००८३. साइन काहीही करो, भागाकार −|ह| आणि |ह| च्या चिमट्यात सापडलाय. सँडविच थिअरम, डेरिव्हेटिव्ह शून्य.

आणि याच फंक्शनला नियमांनी सोडवलं तर? शून्य सोडून इतरत्र डेरिव्हेटिव्ह येतो २क्ष साइन(१/क्ष) − कॉस(१/क्ष). क्ष शून्याकडे नेला की पहिलं पद शून्याकडे, पण कॉस(१/क्ष) नाचतच राहतो. लिमिट नाही. तरीही शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह आहे! बिंदूपाशीचा डेरिव्हेटिव्ह एक गोष्ट, आजूबाजूच्या डेरिव्हेटिव्हची लिमिट दुसरी. तुझा गोंधळ, आणि माझ्या निम्म्या वर्गाचा, याच दोन गोष्टी एकच समजण्यातून होतो.

मग 'तुकड्यांचे डेरिव्हेटिव्ह काढा आणि जुळवा' ही क्लासमध्ये शिकवतात ती पद्धत चुकीची का? चुकीची नाही, तिला अट आहे. फंक्शन अ पाशी कंटिन्यूअस असेल, आणि आजूबाजूच्या डेरिव्हेटिव्हची लिमिट दोन्हीकडून येऊन एकच असेल, तर अ पाशीचा डेरिव्हेटिव्ह तीच लिमिट. दोन्हीकडून येतात पण वेगळ्या आहेत, तर डिफरन्शिएबल नाही, कोपरा. आणि लिमिट येतच नसेल, नाचत असेल, तर पद्धत गप्प. मग व्याख्या.

हे का खरं आहे ते लाग्रांजच्या मीन व्हॅल्यू थिअरममधून दिसतं. अ आणि अ+ह मधला भागाकार म्हणजे मधल्या कुठल्यातरी एका बिंदूवरचा डेरिव्हेटिव्ह. ह आखडला की तो मधला बिंदूही अ कडे ओढला जातो. आजूबाजूचे सगळे डेरिव्हेटिव्ह एकाच संख्येकडे चालले असतील तर भागाकारालाही तिकडेच जावं लागतं. पण ते नाचत असतील, तरी थिअरम ज्या बिंदूंवर बोट ठेवतो तेवढेच शांत असू शकतात. क्ष² साइन(१/क्ष) मध्ये नेमकं तेच होतं. तुझ्या प्रश्नाचं बघायचं तर शून्याबाहेर डेरिव्हेटिव्ह येतो साइन क्ष ÷ (३ × ∛क्ष चा वर्ग) + ∛क्ष × कॉस क्ष. तू यात थेट शून्य घातलंस आणि अडलीस. शून्य न घालता शून्याकडे गेली असतीस, तर पहिलं पद होतं (साइन क्ष ÷ क्ष) × ∛क्ष ÷ ३, तेही शून्याकडे, दुसरंही शून्याकडे. फंक्शन कंटिन्यूअस आहेच. तुझ्याच प्रॉडक्ट रूलने उत्तर बरोबर आलं असतं.

इथे एक विषयांतर करतो, कारण मुलं विचारतात, "असे कोपरे किती असू शकतात?" एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या गणितींनाही वाटायचं की कंटिन्यूअस फंक्शनला थोडेफार सुटे बिंदू सोडले तर डेरिव्हेटिव्ह असणारच. विजेच्या प्रवाहाचं एकक ज्याच्या नावाने आहे त्या आंपेअरने १८०६ साली तसं सिद्ध करायचाही प्रयत्न केला. १८७२ मध्ये जर्मन गणिती वायरस्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीत असं फंक्शन मांडलं की जे सगळीकडे कंटिन्यूअस आहे आणि डिफरन्शिएबल एकाही बिंदूवर नाही. त्याची रचना ऐक: कॉसच्या लाटांवर लाटा रचत जायच्या. पहिली लाट एक उंचीची, दुसरी निम्म्या उंचीची पण १३ पट घाईची, तिसरी पाव उंचीची पण १६९ पट घाईची, असंच अनंतापर्यंत. उंच्या निम्म्या होत जातात, म्हणून बेरीज बांधात राहते आणि रेघ तुटत नाही. पण प्रत्येक लाटेची चढण मागच्या लाटेच्या साडेसहापट, म्हणून कुठेही जवळ जाऊन बघितलं तरी नव्या लाटा उभ्याच. मोराची मान निदान धाग्यापाशी थांबते, हे थांबतच नाही. उलट टोकाचंही आहे: परिमेय संख्यांना क्ष² आणि अपरिमेयांना शून्य देणारं फंक्शन फक्त शून्यापाशी डिफरन्शिएबल आहे, दुसरीकडे कंटिन्यूअससुद्धा नाही. डिफरन्शिएबल असणं हा त्या एकेका बिंदूचा गुण आहे, फंक्शनच्या दिसण्याचा नव्हे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. दरवेळी व्याख्या लावायची गरज नाही. पॉलिनॉमियल, साइन, कॉस, एक्स्पोनेन्शियल आणि त्यांच्या बेरजा-गुणाकार-कॉम्पोझिशन, छेद शून्य होत नाही तिथपर्यंत, डोळे झाकून डिफरन्शिएबल लिही. संशयित बिंदू फार थोडे असतात: तुकड्यांचे सांधे, मॉडच्या आतलं पद शून्य होतं ती ठिकाणं, मुळाखाली शून्य येतं ती, आणि जिथे किंमत वेगळी दिली आहे ती. तिथेच थांबायचं. आधी सांधा बघायचा, मग चढाची लिमिट, आणि लिमिट रुसली तर व्याख्या. पेपरात मात्र व्याख्येचा भागाकार एकदा लिहून ठेव, तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते.

आज रात्री दोन करून बघ: साइन|क्ष| आणि कॉस|क्ष|, दोन्ही शून्यापाशी. दोघांतही मॉड आतच बसलाय. कोपरा एकालाच आहे.